उंबरवहाळचा तांडेल

"पाण्याला पाठ दावायची नाय."

कमलाकांत तांडेल हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायचा त्याला गणती नव्हती. धरणाच्या भिंतीवर पोरंपोरी उभी राहत, मोबाईल उंच धरत, पाणी पाठीमागे घेत आणि हसत. तांडेल होडीतून ओरडायचा, "ओ दादा, पाण्याला पाठ दावायची नाय!" पोरं त्याच्याकडे बघून आणखी हसायची. पाणी फोटोत यायचं तर पाठ तिकडेच हवी, हे त्याला कोणी समजावलं नाही आणि समजावलं असतं तरी त्याला पटलं नसतं. दर्यावर लाट मागून येते. तिच्याकडे तोंड करून उभा असेल तो वाचतो, एवढं त्याचं साधं शहाणपण. आमच्या उंबरवहाळच्या पाण्यात लाट कुठून येणार? वारा सुटला तर वाळत घातलेल्या धोतराला पडावी तेवढी सुरकुती पडते, आणि संध्याकाळी तीही मोडते. पण त्याने वाक्य सोडलं नाही.

लोक मोठमोठी धरणं बघायला लांब जातात. आमचं धरण लहान आहे. बोईसरहून चिल्हार फाट्याला यायचं, हायवे ओलांडायचा आणि डोंगराच्या अंगाने चढणाऱ्या रस्त्याला लागायचं. कारखान्यांचा वास हळूहळू मागे पडतो, सागाची रुंद पानं रस्त्यावर वाकू लागतात, आणि शेवटच्या वळणावर एकदम पाणी समोर येतं. मी इथेच जन्मलो, इथेच भात लावतो, तरी त्या वळणावर अजून माझा पाय क्षणभर थांबतो. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला भिंत. काठाजवळ जुन्या सागांचे खुंट पाण्यातून डोकं काढून उभे असतात आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून स्वतःला वाळवत बसतात. पावसाळा सरत आला की सांडव्यावरून पाणी पांढरं होऊन उतरतं. मग रविवारी बोईसरच्या कॉलन्यांतली कुटुंबं, तारापूरच्या कारखान्यांतले कामगार, पालघरच्या हापिसांतली माणसं, सगळी इथे असतात. भिंतीखाली बुधीची टपरी आहे. तिथे चहा, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा आणि भाद्रपदात कोवळ्या काकड्या मिळतात. बुधी डोंगरापलीकडच्या पाड्यावरची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ.

ही गर्दी बघून गावाच्या समितीने एक होडी घेतली, नारिंगी जाकिटं घेतली. मग ध्यानात आलं की आमच्यात पोहणारे पुष्कळ, पण वल्हं मारणारा एकही नाही. शोधाशोध झाली, आणि चिंचणीचा हा तांडेल आला.

तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. कुठे जाळं टाकायचं, कधी ओढायचं, कधी परत फिरायचं ते तो ठरवतो आणि बाकीचे खलाशी ऐकतात. असा माणूस आमच्या डबक्यावर सहलीची होडी चालवायला आला, तेव्हा आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. त्याचा मुलगा सुजीत त्याला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला. सुजीत तारापूरला एका कारखान्यात यंत्रावर काम करतो, बायकोला घेऊन बेटेगावला खोलीत राहतो. त्याने बापाची पिशवी उतरवली, पाण्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बाबा, इथं शांत हाय." बाप काठावर उकिडवा बसला, बोटं पाण्यात बुडवली आणि जिभेला लावली. मग तोंड वाकडं केलं.

"आळणी हाय," तो म्हणाला.

समितीच्या जाकिटांच्या खोलीला लागून एक पत्र्याची खोली होती, तिथे तो राहिला.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. कालवा सुटला, खालच्या शेतांना पाणी जाऊ लागलं आणि धरण रोज थोडं थोडं खाली बसू लागलं. एका सकाळी धरणाचा वॉचमन एकनाथ फेरी मारायला आला तर होडी चिखलात कलंडलेली, पाणी चार हात लांब. त्याने पत्र्याचं दार वाजवलं.

"तांडेल, ओ तांडेल! होडी चिखलात बसली!"

आतून झोपेतला आवाज आला, "बसंल, बसंल. दुपारच्या भरतीला वर येईल."

"कुठल्या भरतीला?"

आत खाट करकरली. मग दार उघडलं. तांडेलने होडीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि असा हसला, असा हसला की त्याला ठसका लागला. एकनाथ त्याची पाठ चोळत राहिला. हसणं संपल्यावर तांडेल डोळे पुसत तिथेच काठावर बसला.

"च्यायला," तो म्हणाला, "याचा पाणी एकदा गेला की परत येतच नाय."

त्या दिवसापासून बुधी त्याला भरतीबाबा म्हणू लागली. "भरतीबाबा, चहा घ्या, ओहोटी व्हायच्या आत," असं ती म्हणायची आणि तो कप घेऊन तिच्या बाकड्यावर बसायचा, पाण्याकडे तोंड करून.

काम त्याने चोख केलं. गुजराती कुटुंब असो, बिहारी कामगारांचा घोळका असो, प्रत्येकाला जाकीट स्वतःच्या हाताने बांधायचा. "चाचा, थोडा और अंदर लो ना," असं पोरं म्हणत. तो खुंटांच्या पुढे कधी नेत नसे. प्यालेल्या माणसाला होडीत घेतच नसे, मग तो कितीही मोठ्या गाडीतून उतरलेला असो. त्यावरून शिव्या खाल्ल्या, एकदा धक्काबुक्कीही झाली. तो ऐकून घ्यायचा, पण वल्हं हातात घ्यायचा नाही.

रविवार संध्याकाळी गाड्या एकेक करून उतरत गेल्या की धरण पुन्हा आपलं आपल्यापाशी उरतं. भिंतीवर वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या फडफडतात. बुधी कढई पालथी घालून पाड्याची वाट धरते. मग तांडेल एकटाच. मी शेतावरून घरी जाताना त्याच्याजवळ थोडा थांबायचो. तो होडीतलं पाणी डब्याने उपसत असायचा, नसलेलं सुद्धा. समोर डोंगराची सावली पाण्यावरून आमच्याकडे सरकत यायची. आवाज म्हणाल तर फक्त डब्याचा.

"दर्या कधी गप बसत नाय," तो एकदा म्हणाला. "झोपेत पण कानात असतो. इथं पहिल्या रात्री मला वाटला, माझे कान गेले."

"मग इथे करमतं कसं?"

"तेच बरा हाय. गप हाय तेच बरा."

पण ते बरं नव्हतं, हे कोणालाही दिसलं असतं. गाडी वर येताना आवाज झाला की तो मान वळवून वळणाकडे बघायचा. रविवारी तर एकेका गाडीतून उतरणारी प्रत्येक बाई तो न्याहाळायचा. एखादी साडी दुरून ओळखीची वाटली की त्याचं वल्हं पाण्यात अडकल्यासारखं थांबायचं. मग ती बाई जवळ यायची, कोणीतरी दुसरीच असायची, आणि वल्हं पुन्हा चालू लागायचं. बुधीने हे माझ्या आधी हेरलं होतं. "याची बाईल हाय कुठं तरी," ती म्हणाली. "बोलावंल म्हणून बसलाय."

तिचं खरं होतं. त्याची बायको पुष्पलता चिंचणीला होती. बोंबील सुकवायची, बाजारात विकायची, घर तिचं नीट चाललं होतं. सुजीत सुट्टीला आईकडे जायचा, तिथून बापाकडे यायचा. येताना आईने दिलेली सुकट, कधी सुकवलेल्या वाकट्या, कागदात बांधून आणायचा. तांडेल पुडी हातात घ्यायचा, वास घ्यायचा, निम्मी बुधीला द्यायचा.

"आई काय बोलली?" हे तो प्रत्येक वेळी विचारायचा, दुसरीकडे बघत.

"बरी हाय म्हणाली."

"आनि?"

"आनि काय नाय."

मी एकदा म्हटलं, "तुमच्यासाठी पाठवते ना आठवणीने?" तो म्हणाला, "डबा तर आमच्या घरून खलाशाला पण जायचा."

त्याची सगळी हकिगत मला एका उन्हाळ्यात कळली. धरण तळाला गेलं होतं, भेगाळलेल्या मातीवर होडी पालथी पडली होती, बघायला येणारं कोणी नव्हतं. तो होडीच्या सावलीत बसून फटी बुजवत होता. मी न विचारता तो बोलू लागला.

त्याच्या होडीवर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ बन्सी खलाशी होता. हसरा, आगाऊ, बहिणीचा लाडका. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खेपांपैकी एक. जाळं ओढताना वारा फिरला, एक लाट आडवी आली आणि बन्सी होडीच्या काठावर होता तो नव्हता. इतकंच. बाकीच्यांनी जाळं तोडून टाकलं, होडी फिरवत राहिले, दुसऱ्या होड्याही आल्या. बन्सी मिळाला नाही. नंतरही नाही.

"ओढा, असा मी बोललो होतो," तांडेल म्हणाला. "तांडेल मी. शब्द माझा."

घरी पुष्पलता रडली, पण त्याला एका शब्दाने बोलली नाही. तेच त्याला सोसेना. ती शिव्या देईल, छाती बडवील, माझ्या भावाला खाल्लंस म्हणेल, याची वाट बघत तो घरात वावरला. ती भाकरी वाढायची, गप बसायची. त्याने दर्यावर जायचं सोडलं. होडी नातलगाला दिली. गावातली माणसं काही बोलत नसत, पण बंदरावर तो गेला की बोलणं थांबायचं. तेवढ्यात सुजीतने या कामाचं कळवलं.

"तिला सांगितला, धरणावर होडी चालवायची हाय. ती म्हणाली, ज्या पाण्याला भरती नाय, त्याच्यावर कसली होडी? नुसती पाण्याची परात." तो जरा हसला. "बरोबर बोलली. पण मी आलो. निघालो त्या दिवशी ती ओट्यावर सुकट निवडत होती. म्हटला, जातो. तिनं मान वर केली, बघितला, परत खाली घातली. कधी येणार, एवढा पण विचारला नाय."

"तुम्हीच सांगायचं."

"तिनं विचारला असता तर सांगितला असता. नाय विचारला. म्हणजे नको हाय." त्याने फटीत बोट घालून बघितलं. "तिचा पण बरोबर हाय. माझा तोंड बघितला की तिला भाऊ दिसणार."

"फोन करा एकदा."

"बोलावील तर जाईन," तो म्हणाला, आणि पुन्हा फट बुजवू लागला.

असे पाच-सहा पावसाळे गेले. होळीला जायचा नाही, नारळी पौर्णिमेला जायचा नाही. गर्दीचे दिवस आहेत, होडी कोणाच्या हातात द्यायची, म्हणायचा. त्याचे केस पिकले. धरण भरायचं, रिकामं व्हायचं, भरायचं.

गेल्या भाद्रपदात, सांडवा जोरात वाहत असताना, रविवारी सकाळी एक टेम्पो वर आला. त्याच्या मागच्या हौद्यात बायकाच बायका, सगळ्या मिळून गात होत्या. चिंचणीच्या बचत गटाची सहल होती. गाणं वळणावर आल्यावर तांडेलचा हात थांबला. गाणं त्यांच्याकडचं होतं.

बायका उड्या मारून उतरल्या. गटाची प्रमुख उषा, आवाजाने दणदणीत, थेट काठावर आली. "काय भावोजी, वळख हाय की गोडं पाणी पिऊन विसरलात?"

"हाय ना," तांडेल म्हणाला. पण त्याचे डोळे उषाच्या मागे होते. सगळ्यांत शेवटी, टेम्पोचा दांडा धरून, एक बारीक अंगाची, उंच बाई सावकाश उतरत होती. तिने आमच्याकडे बघितलं नाही. ती सरळ बुधीच्या टपरीकडे गेली.

सगळ्या एका खेपेत मावणाऱ्या नव्हत्या. गर्दी बघून, त्याच्याकडून थोडंफार शिकलेला मी दुसऱ्या वल्ह्यावर बसलो. पहिली खेप सुटली, ती बाई टपरीवरच थांबली. तिथे काय झालं ते बुधीने मला नंतर सांगितलं. कोण आहे हे बुधीला ठाऊक नव्हतं. तिने भजी पुढे केली आणि आपली सवयीने बोलत सुटली: "जा ना बाय, होडीत जा. आमचा भरतीबाबा लय संभाळून नेतो. एकटाच राहतो बिचारा. बाईल टाकून आला म्हणतात."

"टाकून?" त्या बाईने विचारलं.

"नायतर बाईलनं टाकला असंल. मला काय माहीत."

त्या बाईने भजी कागदात परत ठेवली. "नाय गो," ती म्हणाली, "कोणी कोणाला टाकला नाय." मग ती उठून काठाकडे चालू लागली, आणि बुधीने म्हणे तेव्हाच ओळखलं आणि स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

दुसऱ्या खेपेला ती आली. उषा दुसऱ्यांदा बसली. पैसे एकदाचेच देणार म्हणाली. एक म्हातारी होती, तिला दोघींनी धरून बसवलं. तांडेल जाकिटं वाटू लागला तशी हसाहशी सुरू झाली.

"आमाला जाकीट? भावोजी, आमी दर्याच्या पोटच्या!"

"नियम हाय."

"नियम हाय म्हणे! लंगोटीवर आख्खा दर्या फिरला हा माणूस, आता नियम सांगतो!"

"अगो, मला बसत नाय पुढून."

"तुला पुढून काय बसणार? मागून बांध!"

पुष्पलताने जाकीट स्वतःच घातलं. पट्टा तिला लागेना. तांडेल तिच्यापुढे उभा राहिला, हात अर्धा पुढे केला, मग उषाला म्हणाला, "तेवढा पट्टा लाव."

वल्हं मारणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या टोकाकडे असतं. पुष्पलता मागच्या फळीवर बसली, म्हणजे बरोबर त्याच्या समोर. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. आम्ही काठ सोडला. सांडव्याचा आवाज मागे पडला. बायका डोंगर बघत होत्या, पाणकावळे बघत होत्या, पाण्यात हात घालून चव बघत होत्या. "आळणी!" "मीठ टाका रे कोणी तरी!" हळूहळू त्याही गप झाल्या. त्या दोघांच्या मधल्या गप्पपणाने होडी जड झाली होती, मला वल्ह्यात कळत होतं.

खुंटांजवळ आल्यावर तांडेलने वल्हं वर घेतलं. मीही घेतलं.

"कशाला आली?" त्याने विचारलं.

"बायांबरोबर धरण बघाया आली," ती म्हणाली. "बोलवाया नाय आली."

"बघितला?"

"बघितला. बरा हाय." ती पाण्याकडे बघत होती. "हलत नाय."

"इथं कोण बुडून जात नाय," तो म्हणाला. "मी एकाला पण जाऊ दिला नाय."

तिने मान हलवली. मग त्याच्या तोंडून ते निघालं, इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं, आणि निघालं तेव्हा एखाद्या पोराच्या तक्रारीसारखं निघालं.

"मी निघालो तवा तू विचारला पण नाय. कधी येणार म्हणून."

होडीतल्या सगळ्या बायकांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, त्या पुष्पलताकडे बघतील. नाही, त्याच्याकडे, आणि तोंडावर राग नव्हता, नवल होतं. म्हातारीने तर कपाळाला हात लावला.

"अरे कमळाकांता," ती म्हणाली, "पाण्यावर निघालेल्याला कोण विचारतो रे, कधी येणार? तांडेल ना तू?"

मग मला उलगडलं. त्यांच्यात हा रिवाज आहे. माणूस दर्यावर निघाला की घरच्या बाईने कधी येणार ते विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, बोलवायलाही जायचं नाही. तो आपला येतो. तांडेलला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? जन्मभर तो असाच निघाला होता, आणि जन्मभर त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"पण हा काय दर्या हाय?" तो म्हणाला. "तूच बोललीस ना, परात हाय म्हणून?"

"बोलायला बोलली," पुष्पलता म्हणाली. "पण पाणीच ना. होडीच ना."

"धरणावर चाललेल्या माणसाला विचारला असता तर काय झाला असता?"

तिने जाकिटाचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला, सोडला.

"बन्सीला विचारला होता मी," ती म्हणाली.

उषाने तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवला.

"त्या दिवशी. घोळ माशाचा डोका होता घरात, त्याला आवडायचा. तो पुढं निघाला, मी दारात आली आणि बोलून गेली, कधी येशील रे, कालवण टाकते. तो मागं वळला, हसला. म्हणाला, विचारलास गो ताय, आता बघ. मस्करीत बोलला." तिचा आवाज कुठेही फुटला नाही, इतक्या वेळा मनात बोललेलं असावं की झिजून गुळगुळीत झालं होतं. "तुमी बंदरावर होता. तुमाला माहीत नाय. कोणालाच माहीत नाय. मी सांगितला नाय. तुमच्याकडं बघितला की वाटायचा, आता सांगते. मग वाटायचा, सांगितला तर हा माणूस माझा तोंड बघणार नाय."

तांडेलचं वल्हं निथळत होतं. थेंब पाण्यावर पडत होते आणि प्रत्येक थेंबाचं गोल वर्तुळ सावकाश मोठं होत जात होतं.

"मला वाटला, तू माझ्यावर..." तो म्हणाला.

"तुमच्यावर कशाला? तुमी तर लाटेत उतरायला निघाला होता त्याच्यासाठी. खलाशांनी धरून ठेवला. मला सगळ्यांनी सांगितला."

"ओढा, मी बोललो होतो."

"जाळा टाकला तर ओढणारच. दुसरा काय करतात?"

म्हातारी नाक पुसत म्हणाली, "दोघं पण येडी." कोणी हसलं नाही. वारा नव्हता, तरी होडी हळूहळू आपोआप फिरत होती. डोंगर एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने येत होते. मला तिथे नसावंसं वाटत होतं. पण पाण्याच्या मधोमध माणूस जाणार कुठे? मी खुंटांवरच्या पक्ष्यांकडे बघत राहिलो.

शेवटी म्हातारीच म्हणाली, "चला रे आता. पाय आकडले माझे."

तांडेलने वल्हं पाण्यात घातलं. परत येताना त्याने एकदाही नजर वळवली नाही. ती समोर होती, तो तिच्याकडे बघत वल्हं मारत होता, आणि मी त्याच्या लयीत लय मिळवायचा प्रयत्न करत होतो. ती लय मला जमत नव्हती.

काठाला टेम्पोवाला घाई करत होता. त्याला उजेड आहे तोवर बायकांना आणखी एका देवळात न्यायचं होतं. बायका जाकिटं काढून फेकत टेम्पोकडे निघाल्या. पुष्पलताने आपलं जाकीट घडी करून फळीवर ठेवलं. ती तांडेलला काही म्हणाली नाही. चला म्हणाली नाही, येता का म्हणाली नाही. उभी राहिली, पदर नीट केला आणि भिंतीच्या पायवाटेने चालू लागली. खूप सावकाश, जणू पायाखालचा प्रत्येक दगड बघायचा होता.

तांडेलने होडी बांधली. दोर ओढून बघितला, पुन्हा बांधला. मग पत्र्याच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा अंगात धुतलेला सदरा होता आणि हातात पिशवी. आला होता तेव्हाचीच असावी, तेवढीच हलकी. जाकिटांच्या खोलीची किल्ली त्याने एकनाथच्या हातात ठेवली.

"अहो तांडेल, आज रविवार! पब्लिक बघा किती हाय!"

"हाय ना," तो म्हणाला.

मला वाटलं, माझ्याशी काही बोलेल. तो माझ्यापुढे थांबला. माझ्या तळहाताला वल्ह्याने फोड आला होता, तो त्याने अंगठ्याने दाबून बघितला. "राख लाव," एवढंच म्हणाला.

मग तो गेला. ती भिंतीच्या मध्यावर पोचली होती. तो लांब ढांगा टाकत तिच्याजवळ पोचला, पण बरोबरीने चालला नाही. हातभर मागे राहिला. ती मागे वळली नाही. तिचा वेग मात्र थोडा वाढला. भिंतीवर फोटो काढणारी पोरं बाजूला झाली आणि त्यांना वाट दिली. त्यांना वाटलं असेल, धरण बघायला आलेलं कुठलं तरी म्हातारं जोडपं. खाली टेम्पोत बायका दाटीवाटीने सरकून जागा करत होत्या, उषाचा हात बाहेर आलेला दिसत होता.

बुधी पिठाचे हात तसेच घेऊन टपरीबाहेर उभी होती. तिच्या कढईतली भजी करपल्याचा वास येत होता, पण ती हलली नाही. एकनाथ किल्ली मुठीत धरून उभा होता. मी रिकाम्या होडीत बसून बघत होतो. मागे काठावर एक कुटुंब येऊन थांबलं होतं आणि त्यातला माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, "भाई, बोट चालू है क्या?"

आम्ही तिघंही टेम्पो वळणाआड जाईपर्यंत तिकडेच बघत राहिलो.